बाजूच्या आसनावरचे स्टिअरिंग

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय

विषय : घरी बांधलेल्या माळरानी गाडीच्या स्टिअरिंगमध्ये अर्जदाराच्या पत्नीची नोंद होऊन गाडी सोडून मिळणेबाबत.

संदर्भ : गाडीच्या काचेवर आपण चिकटवलेला शेरा – "चालकाचा गाडीवर ताबा नाही. ताबा बाहेर उभ्या असलेल्या बाईंकडे आहे."

महोदय,

माझी आई पाळणा हलवताना म्हणत असे, तो आवाज अजून कानात आहे : "वाट वाकडी-तिकडी, चाक एकटं चुकतं, दोन जिवांच्या बोलानं घर नेमकं गाठतं." आपल्या नियमपुस्तकात हे कलम सापडत नाही, म्हणून आरंभीच सादर केले.

१. अर्जदार निवृत्त पंप मेकॅनिक असून खडकाळ माळावर मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. तेथे रस्ता नाही. धोंडे आहेत आणि धोंड्यांच्या मधे आणखी धोंडे आहेत. सबब जुन्या पंपाचे इंजिन व भंगारातल्या टेम्पोचा स्टिअरिंग बॉक्स घेऊन अर्जदाराने स्वहस्ते गाडी बांधली. इंजिन आडवे येत असल्याने बॉक्स उलटा बसवावा लागला. परिणामी चक्र उजवीकडे फिरवले की गाडी डावीकडे जाते, आणि डावीकडे फिरवले की उजवीकडे. यास काही लोक चूक म्हणतात. अर्जदार विशेष रचना म्हणतो. बॉक्स बसवायला लागलेली मेहनत पाहता दुसरे काही म्हणवत नाही.

२. अर्जदाराच्या हातांना जन्माची सवय असल्याने सुरुवातीला गाडी दोनदा शेजाऱ्यांच्या कुंपणात गेली. नंतर सौ. बाजूला बसू लागल्या. गाडी डावीकडे न्यायची असली की त्या "अहो, उजवीकडे!" असे ओरडतात. अर्जदार विचार न करता ऐकतो, ही सवय जुनीच आहे. गाडी बरोबर डावीकडे जाते. तेव्हापासून कुंपण शाबूत आहे.

३. तपासणीच्या दिवशी आपण सौ.ना खाली उतरवून त्यांच्या जागी स्वतः बसलात आणि "डावीकडे घ्या" असा हुकूम केलात. अर्जदाराने त्याचे तंतोतंत पालन केले. गाडी उजवीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरून आपल्या स्कूटरला टेकली, याला हुकूम जबाबदार आहे, स्टिअरिंग नव्हे. त्या वेळी सौ. फाटकाबाहेरून "उजवीकडे, उजवीकडे!" म्हणून ओरडत होत्या, ते आपणही ऐकलेत आणि शेऱ्यात लिहिलेत. म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत होती. तिचा मुख्य भाग तेवढा आपणच काढून ठेवला होता.

४. तरी सौ.ना स्टिअरिंगचा भाग म्हणून नोंदवावे. आपल्या छापील रकान्यांची उत्तरे अशी : बनावट – माहेरची. झीज – नाही. उलट चढावर आवाज अधिक खणखणीत होतो. वंगण – सकाळचा चहा, तोही अर्जदाराने केलेला. बिघाड – रुसवा झाल्यास दिशा मिळत नाही, त्या दिवशी गाडी काढली जात नाही. यास आपण ब्रेक समजावे. पर्यायी भाग बाजारात मिळत नाही, आणि मिळाला तरी अर्जदार बसवणार नाही.

५. गाडी आपल्या आवारात अडकली आहे. माळावरचा झरा आटला आहे. पेट्यांना पाणी व सावलीची जागा हवी. एवढ्या पेट्या पाठीवर हलवता येत नाहीत. कॅनने पाणी वाहून नेतो, ते निम्मे वाटेत सांडते. चार दिवस असेच गेले तर माश्या पेट्या सोडून उडून जातील. मग गाडी सुटूनही तिला कुठे जायचे उरणार नाही.

६. सबब सौ.ना बाजूच्या आसनावर बसवून फेरतपासणी घ्यावी. आपण मागे बसावे, गप्प राहावे आणि घट्ट धरावे, ही विनंती.

वळण चुकले तरी नम्र,
आपला,
(सही)
माळावरचा पेटीवाला

दिनांक : आज, शक्यतो उद्या होण्याआधी.

सोबत :
१) स्टिअरिंगचा हाताने काढलेला आराखडा
२) स्कूटरच्या आरशासाठी नवीन काच
३) संबंधित भागाचे संमतिपत्र, खालीलप्रमाणे

*

साहेब,

संमती आहे. ह्यांनी सही केली आणि कॅन भरायला गेले, म्हणून हे चार शब्द मागाहून लिहिते. लिफाफा मीच चिकटवणार आहे.

बॉक्स हलवायची गरजच नाही. चाकाकडची जोडदांडी आसाच्या मागे लावलीय, ती पुढे घ्या. मग चक्र फिरवाल तिकडेच गाडी वळेल. माझ्या शिलाई मशीनच्या पट्ट्याला पीळ पडला की चाक उलटं फिरतं, तसलाच हा प्रकार. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या माणसाला सांगून तिथंच दांडी फिरवा आणि गाडी सोडा. माश्या तहानल्यात, नाहीतर आजही बोलले नसते.

हे जन्मभर डबा घेऊन एकटे कामाला जायचे आणि मी दारातून वळणापर्यंत बघत राहायचे. वळणापलीकडे काय असतं ते मला या गाडीनं दाखवलं. दांडीचं आधीच सांगितलं असतं, तर गाडी सुधारली असती, आणि मी पुन्हा दारातच राहिले असते.