सगुणाचा पत्ता

कोपरी, १९९६

प्रिय सगुणा,

आठ वर्षांपूर्वी तू पळून लग्न केलंस आणि "राजीखुशीने गेलेय, पत्ता घरी देऊ नका" असा जबाब चौकीत मलाच दिलास. तुझा बाप धाकू, माझा लहानपणचा दोस्त, दर रविवारी खाडीतले निवटे मासे घेऊन यायचा. "तिला आणत नाय रे, लांबूनच बघीन." मी निवटे ठेवून घ्यायचो, चहा पाजायचो, रजिस्टर मिटायचो. काय गप्पा व्हायच्या गं!

एकदा म्हणाला, "तिथं खाडी तरी हाय का?" मी हो म्हटलं. तेवढंच फोडलं. मग भरती आली की म्हणायचा, "आपलंच पाणी जातं तिच्याकडं."

परवा धाकू गेला. तुझा पत्ता मला तोंडपाठ आहे, पण तो चौकीच्या रजिस्टरातला, आणि मी आता रिटायर. पाकीट कोरंच ठेवलंय.

तुझा हवालदारकाका,
गोपीनाथ