हसतमुखाचं भाषण

भाऊजी,

तुमच्या भावाच्या नावानं मेंदूच्या कॅन्सरच्या संशोधनाला पैसे गोळा करताय, ते चांगलंच. पण उद्या स्टेजवर मी म्हणायचं भाषण धाडलंत, ते अक्षर लावत वाचलं आणि किळस आली. म्हणे, ‘शेवटपर्यंत हे हसतमुख होते.’ तुम्ही कधी फिरकलात बघायला? बायकोला ओळखत नव्हते. चोर समजून माझ्या अंगावर ताट फेकायचे, अंथरुणात घाण करून मलाच शिव्या द्यायचे. तसे नव्हते हो ते. त्या गाठीनं तसं केलं. हे झाकून ठेवलंत तर लोकांनी पैसे द्यायचे कशाला, हसू बरं करायला?

उद्या हेच बोलणार आहे. पत्र मात्र धाडत नाही, नाहीतर माईक हातात देणार नाही तुम्ही.

तुमची वहिनी