रुमाल कोण सरकवतं

प्रिय दादा,

फोनवर मी म्हणालो की बाबांचा हात सुधारतोय, तू येऊ नकोस. ते खोटं होतं.

त्यांना झटका आल्यापासून सहा आठवडे मी व्यायाम एकदाही चुकवलेला नाही. दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलावर रुमाल पसरायचा, त्यावर त्यांचा उजवा हात ठेवायचा आणि वीस वेळा पुढे-मागे सरकवायचा. सकाळ-संध्याकाळ वहीत खुणासुद्धा केल्या आहेत.

काल व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. वही बघून म्हणाल्या, "छान! पण रुमाल सरकवतं कोण?"

"मीच. बाबांना त्रास होतो ना."

"म्हणजे व्यायाम तुमचा झाला. अहो, जोर त्यांनी लावायचा. हात हलला नाही तरी चालेल, पण प्रयत्न त्यांचा हवा."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आज मी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसलो. बाबांना घाम फुटला, पण रुमाल तसूभर हलला नाही. शेवटी ते अडखळत म्हणाले, "ढकल ना रे." मी ढकलला.

दादा, बाबांना नाही म्हणणं या घरात फक्त तुलाच जमलं. दुकानात बसणार नाही म्हणालास आणि गेलास. तेव्हा मी तुला वाट्टेल ते बोललो. आता तूच ये आणि त्यांना रोज नाही म्हण.

पण तुला यातलं काही कळवायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे. त्यामुळे हे पत्र टाकणं माझ्याच्याने होईल, असं वाटत नाही.

तुझा,
धाकटा