उज्वलाच्या अभ्यासाचे शब्द

चि. उज्वलास,
दादाचा सप्रेम जयभीम. आईला पाया पडतो म्हणून सांग.

फोन बंद आहेत. आमच्या कंपनीतले पोलादपूरचे भिकाजीकाका सुट्टीवर मायदेशी निघालेत, त्यांच्याबरोबर ही चिठ्ठी देतोय. मी खुशाल हाय. जेवण वेळेवर मिळतं.

मुलाखतीत जगाच्या घडामोडींवर इंग्रजीत बोलायचंय, भारी शब्द पाठव म्हणाली होतीस. पाठवतोय. आईला वाचून दाखवताना ओळ गाळू नकोस, ती लगेच विचारते, "मधलं काय गिळलंस गो?" इंग्रजी शब्द मात्र नुसते वाच. अर्थ सांगत बसलीस तर तिला कंटाळा येईल.

एस्कलेशन हा पहिला, इथे सध्या तेच चाललंय. शेल्टर तुला माहीत असेलच. तिथे आम्ही सगळे एकत्र झोपतो, एकटा नाय म्हणून आईला बरं वाटेल. इव्हॅक्युएशनमध्ये काकांचा नंबर लागला, माझा अजून नाय.

आणि कॅज्युअल्टी. बातम्यांत याच्यासोबत नुसता आकडा असतो. मंगळवारी आमच्या खोलीतही एक झाली. मुलाखतीत हा शब्द घाईत बोलू नकोस.

दासगावात पाणी भरलं नाय ना? आईचे गुडघे कसे आहेत?

माझ्या खोलीतल्या शिवथरच्या विनीतसाठी आई दर खेपेला सुकटाची वेगळी पुडी बांधते. आता बांधू नको म्हणावं. माझ्या एकट्यापुरतं पुरे.

तुझा दादा,
बुद्धरत्न