कोसमबोडीची अर्जी

चामोर्शी,
दि. ४ सप्टेंबर २०२३

चि. संघप्रियास,
मोठेबाबाचा जयभीम, आणि नेहमीचा डोक्यावर हात.

वि. वि. इतिहास-निबंध स्पर्धेचे हे एकविसावे वर्ष. सोबतच्या पार्सलात सहा निबंध आहेत. पोरी, फक्त सहा! तुझी मोठीआई, माझी नीलाबाई, होती तेव्हा एका वर्षी चौतीस आले होते आणि ती ते परातीत घेऊन बसली होती, तांदूळ निवडावे तशी. आता स्पर्धा तिच्याच नावाने चालते आणि परात रिकामी आहे.

नियम तुला पाठ आहेत, तरी म्हाताऱ्याला पुन्हा सांगू दे. निबंधावर नाव नाही, झाडाचे नाव. खरे नाव माझ्याकडच्या बंद लिफाफ्यात, तो सव्वीस जानेवारीलाच शाळेच्या सभागृहात फुटेल. कोण कोणाच्या घरचा, कोणत्या वस्तीचा, हे परीक्षकाला कळता कामा नये. यंदा येन, बिबा, तेंदू, साग, बेहडा आणि मोह आलेत. अर्धे जंगल दारात उभे आहे असे वाटते.

आणि नियम चौथा, ऐकीव गोष्ट पुरावा नाही. लिहिलेले, छापलेले दाखवा. तुझ्या आजोबांचा, माझ्या बापाचा, अंगठा कोऱ्या कागदावर घेतला होता, हे मी विसरलेलो नाही. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना जग वाटेल ते सांगत आले. म्हणून हा नियम मी जिवापाड धरला.

गुडघा बरा आहे. सकाळी पडवीत बसून जुन्या पाठ्यपुस्तकातल्या कविता चालीवर म्हणतो. शेजारचे कुत्रे उठून जाते. तुझा अभिप्राय आणि तुझी माया, दोन्ही एकाच पाकिटात पाठव.

तुझा,
मोठेबाबा


वरोरा,
दि. २२ सप्टेंबर २०२३

ती. मोठेबाबांना,
संघप्रियाचा जयभीम. गुडघ्याला तेल लावता की नुसतं लिहिता, हे आधी सांगा.

वि. वि. सहाही वाचले. चार संगणकाकडून लिहवून घेतलेले आहेत. दोघांत तर एकाच राजाच्या मृत्यूचं साल सारखंच चुकलं आहे. पाचवा म्हणजे आपल्याच २०११ सालच्या विजेत्याचा, धनराजचा निबंध. कोण्या पोराने तो जसाच्या तसा उतरवून झाडाचं नाव तेवढं बदललं. कॉलेजात मी हेच तपासून राह्यले रोज, म्हणून चिडलेसुद्धा नाही. नुसती थकले.

पण मोठेबाबा, 'मोह'! तो मी उभ्यानेच वाचला, चहा गार झाला. कोसमबोडीच्या तळ्याचा इतिहास. लिहिणाऱ्याने अख्खा पावसाळा त्या गावात काढला आहे, तळ्याची पाळ पावलांनी मोजली आहे. सगळी मांडणी सीतेच्या अर्जीवर उभी आहे. दुष्काळात एक बाई मालगुजाराला, गावच्या जमीनदाराला, लिहवून पाठवते की पाणी आधी शेवटच्या बांधीला द्या, पहिलीला आभाळ जवळ आहे. धानाच्या बांधीपेक्षा ओलं वाक्य. हे मी दरवर्षी वर्गात सांगते, पोरं वहीत उतरवतात.

एकच टीप खटकली, तेविसावी. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने सीता म्हणून कोणी नव्हतीच असं सांगितलं, शिवाय आपलं जुनं गावच तळ्याखाली आहे असंही. 'मोह' लिहितो, वयोमानाने झालेला संभ्रम, नियम चारनुसार विचारात घेतलेला नाही. जरा कठोर वाटलं. पण नियमाला धरून आहे.

पहिलं बक्षीस मोहलाच. निबंध आमच्या कॉलेजच्या नियतकालिकात छापायचा आहे, आणि लिहिणारा तयार असेल तर मी त्याला संशोधनाला घेईन. त्यासाठी अर्जीच्या मूळ प्रतीची झेरॉक्स पाठवा. संदर्भ आहे तुमच्या शाळेचा रौप्यमहोत्सवी अंक, १९८४, पान एकतीस. संपादक तुम्हीच. मूळ कागद कुठी आहे?

वाट पाहते. रागावलात तरी पत्रानेच रागवा.

तुमची,
संघप्रिया


चामोर्शी,
दि. ५ ऑक्टोबर २०२३

चि. संघप्रियास,
जयभीम आणि पाठीवर थाप.

वि. वि. तुझे पत्र वाचून मन भरून आले. धान पोटरीत आहे. या दिवसांत आमच्या वर्गाच्या खिडकीतून हिरवा वास यायचा आणि मी भूगोलाचा तास मोडून कविता घ्यायचो. तू सुट्टीत यायची तेव्हा तुलाही बसवायचो. शेवटचे कडवे तू नेहमी गाळायची, आणि विचारले तर ते पुस्तकात नाहीच म्हणायची.

अर्जीचे म्हणशील, तर शाळेच्या कपाटाला वाळवी लागली होती, त्यात गेली असावी. शिवाय कागद एका गृहस्थाने पाहायला नेला होता, तोही आता नाही. मोहला बक्षीस जरूर दे. छापण्याची घाई मात्र करू नको. कॉलेजची नियतकालिके वाचते कोण?

थंडी पडेल, स्वेटर काढून ठेव. म्हाताऱ्यावर असाच जीव राहू दे.

तुझा,
मोठेबाबा


वरोरा,
दि. १४ ऑक्टोबर २०२३

ती. मोठेबाबांना,
जयभीम.

वि. वि. मी शाळेत फोन केला. कपाट लोखंडाचं आहे म्हणे. नोंदवहीत अशी अर्जी आल्याची ओळ नाही. आणि तुम्ही आयुष्यात कधी एका पत्रात दोन सबबी दिल्या नाहीत.

काऊन लपवून राह्यले? जे असेल ते लिहा. शेवटचं कडवं आता तुम्ही गाळू नका.

तुमचीच,
संघप्रिया


चामोर्शी,
दि. २९ ऑक्टोबर २०२३

चि. संघप्रियास,
जयभीम. आज हात डोक्यावर ठेवायला उचलत नाही.

तुझे पत्र दहा दिवस उशीखाली होते. आता लिहितो.

अर्जी नव्हती. कधीच नव्हती. ती मी लिहिली.

रौप्यमहोत्सवाचा अंक छापायला जायचा होता आणि पान एकतीस रिकामे राहिले होते. आदल्या रविवारी मी सायकलने कोसमबोडीला गेलो होतो. तळ्यात कमळे होती, पलीकडे मोहाची झाडे, आणि पाळीवरून एक बाई डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन चालली होती. मला वाटले, या पाण्याची काहीतरी कविता असलीच पाहिजे. चार ओळी जुळवल्या, जुळेनात. मग मोडीतून उतरवल्यासारखी जुनी भाषा करून अर्जी लिहिली. सीता हे नाव त्या बाईला दिले. खाली 'कल्पित' लिहायचे होते. नीलाबाईने आठवणही करून दिली होती. पण ते लिहिले की वाक्याची सगळी ओल उडते असे मला वाटले. शाळेचा अंक, पोरे वाचतील, आनंद होईल, बस.

मग ती तालुक्याच्या स्मरणिकेत गेली. मग २०११ साली धनराजच्या निबंधात आली, तळटीपेसह, पान एकतीस. मी परीक्षक होतो. नीलाबाईने माझ्याकडे पाहिले आणि मी खाली पाहिले. त्याला त्या निबंधावर कॉलेजात जागा मिळाली. आता कसे सांगणार, असे मी त्या वर्षी म्हटले आणि पुढची बारा वर्षे तेच म्हणत आलो. पाच विजेत्यांनी सीतेचा दाखला दिला. आता तळ्यावर पाटी आहे, पिवळ्या रंगात माझे वाक्य, खाली तिचे नाव.

लिहिलेले दाखवा, असे बजावणाऱ्यानेच खोटे लिहून ठेवले. माझ्या बापाचा अंगठा घेणारा तो माणूस आणि मी, फरक मला सापडत नाही.

स्पर्धा बंद करतो. पण मोहचे काय करू, तू सांग. माया मागायचा आज धीर होत नाही.

बापूराव


वरोरा,
दि. ६ नोव्हेंबर २०२३

ती. मोठेबाबांना,
जयभीम.

वि. वि. दोन दिवस शिकवायला गेले नाही. वर्गात उभं राहून काय बोलू?

तुम्ही विचारता मोहचं काय. मोठेबाबा, टीप तेवीस पुन्हा वाचा. त्या गावात एकच माणूस खरं बोललं, आणि आपल्या स्पर्धेने त्याला भ्रमिष्ट ठरवलं.

सव्वीस जानेवारीची वाट पाहू नका. लिफाफा आजच फोडा. जो कोणी असेल त्याला स्वतःच्या हाताने लिहा, कवितेशिवाय. आणि सांगा की त्या म्हातारीकडे लगेच जा, वही घेऊन बस, ती सांगेल ते सगळं उतरव. तेवढं तर वाचेल.

तेल लावत जा. राग आहे, तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

संघप्रिया


जिवती,
दि. २ डिसेंबर २०२३

आदरणीय गुरुजींना,
मोनालीचा सेवा जोहार.

तुमचं पत्र मिळालं. मी इथी आश्रमशाळेत शिकवते. पत्र तीनदा वाचलं, मग उत्तराला इतके दिवस लागले.

मोह म्हणजे मीच. कोसमबोडी माझं आजोळ. टीप तेवीसमधली म्हातारी बाई माझी आजी, रुखमा. हे मी निबंधात लिहिलं नव्हतं, कारण नातं कळलं तर नाव कळते, आणि तुमच्या स्पर्धेत ते कळू द्यायचं नसते.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात मी गेली, तेव्हा पहिल्याच दिवशी आजी हसली होती. म्हणे, बाई, आमची बांधी कुठी होती पाणी मागाले? मालगुजारानं तळं बांधलं तेव्हा आमची सात घरं पाण्यात गेली. हे तिला तिच्या आजीनं दाखवलं होतं. मले पाळीवर नेऊन ती बोट दाखवे, इथी अमक्याचं घर, तिथी तमक्याचं, त्या कमळाच्या जागी आमचं. मी तिला तुमचा छापलेला अंक दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पानावरून हात फिरवला. मी म्हटलं, आजी, तू विसरली. मी अख्खा पावसाळा तेच म्हणत राहिली.

हिवाळ्यात ती बदलली. म्हणाली, होती बाई सीता, उंच होती, मीच विसरली असन. मले आनंद झाला. वाटलं, आठवण परत आली. तेही ऐकीवच, म्हणून निबंधात घेतलं नाही. मामी सांगते, पुढं ती सगळ्यांनाच म्हणे, माझं डोकं आता खरं राह्यलं नाई, मोनालीच्या पुस्तकात पाहा.

तुम्ही लिहिलं की आजीकडे ताबडतोब जा. आजी एकोणीस ऑक्टोबरला गेली.

राग आहे काय, असं तुम्ही विचारता. गोष्ट तुम्ही केली, नियम तुम्ही केला. पण आजीला विसरली असं मी म्हटलं, तुम्ही नाई.

जुनी वही काढून पाहिली. पहिल्या आठवड्याच्या पानावर एवढंच आहे: आजी सात घरांची नावे सांगते. अनावश्यक.

बक्षीस नको. निबंध परत पाठवा. आज आशीर्वाद मागत नाई.

मोनाली


चामोर्शी,
दि. २० डिसेंबर २०२३

चि. संघप्रियास,
जयभीम.

मोनालीचे पत्र सोबत आहे. आधी ते वाच, मग हे.

एकोणीस ऑक्टोबर. पाच तारखेच्या पत्रात मी तुला वाळवी लिहिली होती. त्या दिवशी खरे लिहिले असते तर आपल्या हाती चौदा दिवस होते.

परवा रिक्षा करून कोसमबोडीला गेलो. पाळीवर पत्रू नावाचा म्हातारा बसला होता, रुखमाच्या शेजारचा. मी कोण ते सांगितले. त्याने ऐकले की नाही कळले नाही. तळ्याची गोष्ट विचारली तर त्याने सीतेची अर्जी म्हणायला घेतली, अगदी चालीवर, जशी मी वर्गात कविता म्हणायचो. मी म्हटले, भाऊ, हे खोटे आहे, मीच लिहिले. तो माझी कीव आल्यासारखा हसला. म्हणाला, गुरुजी, तुमचं वय झालं. मग मी तेच वाक्य म्हणून दाखवू लागलो तर मधला एक शब्द माझा चुकला, तो त्याने सुधारून दिला.

पाटी वाचली नाही. पाणी पुष्कळ आहे यंदा. कमळाच्या जागेकडे बोट करून मी त्याला विचारले की तिथे घरे होती म्हणतात, सात, ती कोणाकोणाची?

पत्रूने पाण्याकडे पाहिले. मग म्हणाला की ते रुखमाले माहीत होतं.

तुझा,
बापूराव