सुंदरामावशीची थैली

प्रिय मार्थाअक्का,

सलाम. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि तुम्ही बोलला नाहीत! मागच्या लेंटच्या उपासापासून अंथरूण धरेपर्यंत माझ्याकडची मेथी नेलीत, उपासनेला माझ्याच शेजारी चटईवर गुडघे टेकलेत, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत. वर निघूनच गेलात! आता मी भांडू कुणाशी? दगडाच्या क्रुसाशी?

चर्चचे पाळकसाहेब बाजारात जीपमधून उतरले ते थेट माझ्या भाजीपाशी आले. म्हणाले, "सरूबाई, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी अक्कांची आठवण करायची आहे. तुम्ही वीस वर्षांच्या शेजारीण. चार शब्द लिहून आणा. चांगले."

मी चौथी शिकलेली. चांगले शब्द बाकीच्या आणतील. महिला मंडळाच्या सुवार्ताबाईनं तर चार पानं लिहिलीत, त्यात तुम्ही दोनदा देवदूत झालात. माझ्याकडं आहे ते असं आहे. वाचायचं तर वाचीन, नाहीतर तुमच्या बायबलात घालून ठेवीन.

अक्का, तुम्हाला मुठीची ज्वारी आठवते का? काय विचारते मी! तुमच्याशिवाय कुणाला आठवणार? लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून रोज, भाकरी थापायला बसायच्या आधी, प्रत्येक घरातल्या बाईनं एक मूठ ज्वारी डब्यात टाकायची. चाळीस दिवस. ज्याचं शेत आहे त्याचीही एकच मूठ, जी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते तिचीही एकच. मग ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी सगळ्यांनी थैल्या भरून तुमच्या ओसरीत आणायच्या, एका चादरीवर ओतायच्या, निवडायच्या, गिरणीतून दळून आणायच्या. आणि गुरुवारी सांजच्याला त्या एका पिठाच्या भाकरी चर्चच्या सगळ्या मंडळीनं बसून खायच्या. वीस-बावीस घरांची ज्वारी, आणि घासात कुणाची कुठली ते कळत नाही.

थैल्यासुद्धा तुम्हीच शिवल्या होत्या. चर्चच्या जुन्या पांढऱ्या पडद्याच्या, सगळ्या एकसारख्या, नाव नाही, खूण नाही. का, तर कुणाची मूठ मोठी आणि कुणाची लहान हे कुणी बघू नये. तुमचं डोकं होतं ते. मी म्हणायची, "अक्का, एवढं कशाला?" तुम्ही म्हणायचात, "बाया हायत गं आपण. बघितल्याशिवाय ऱ्हायच्या न्हाईत."

आणि मी बघितलं!

मागच्या वर्षीचा तो बुधवार. चादर अंथरलेली, आम्ही सगळ्या गोल बसलेल्या. मला घाई. मला कायमच घाई असते, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंय. मी एक थैली सोडली, ओतली, आणि चादरीवर धान्यातले टोके किडे पळायला लागले. काळे, नुसते वळवळणारे. दाणे पोकळ, पिठूळ पडलेलं. थैली सुंदरामावशीच्या गुडघ्यापाशी पडली होती. म्हणजे त्यांचीच. विचार कुणी करायचा? मी मोठ्यानं बोलले, "ही रेशनची दिसतीय. मंडळीला कीड खायला घालायलाव का, मावशी?"

सुंदरामावशीनं, त्या विधवा बाईनं, पदर सावरला, उठली, चप्पल हातात घेतली आणि ओसरीवरून उतरून गेली. घालायचीही थांबली नाही. गुरुवारी भाकरीला आली नाही. उत्तम शुक्रवारी आली नाही. ईस्टरला पहाटे आपण गात गात तिच्या दारावरून गेलो, दार उघडलं नाही.

तुम्ही त्या बुधवारी मला आत बोलावलंत. म्हणालात, "सरू, मावशीची माफी माग."

मी म्हटलं, "मी का? कीड काय मी आणली?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "घरी जा अन आधी डबा धू."

अक्का, मला किती लागलं ते! मला वाटलं तुम्ही मला घाणेरडी म्हणालात. एका बाईची बाजू घ्यायची म्हणून दुसरीचं घर काढलंत. मी तरातरा निघाले. डबा काही धुतला नाही. मुद्दाम नाही धुतला. आणि तुमच्याशी बोलणं बंद केलं.

तुम्ही मात्र यायच्या थांबला नाहीत. दर बाजाराला माझ्यासमोर उभ्या. एकदा तर मेथीची जुडी उचलली, तिची सुतळी सोडली, परत गुंडाळली, परत सोडली, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिलात. मला वाटलं जुडी लहान आहे म्हणताय. मी म्हटलं, "घ्यायची तर घ्या, पिळत बसू नका." तुम्ही हसलात. घेऊन गेलात. हसायला काय झालं, म्हणून मी अख्खा दिवस धुमसत होते.

आता सांगते ते ऐका. या वर्षी राखेच्या बुधवारी मी फळीवरून डबा काढला. पहिली मूठ टाकायची म्हणून झाकण उघडलं. आतून कुरकुर ऐकू आली. बुडाला मागच्या वर्षीची दोन-चार मुठी ज्वारी राहिलेली, जाळं धरून घट्ट बसलेली, आणि त्यात टोके. मी डबा घेऊन खालीच बसले. दरवर्षी अशीच ओतते मी, अक्का. बाजाराची घाई, डबा उपडा केला, पडलं तेवढं थैलीत घातलं, उरलं ते बुडाला. त्यावर पुढच्या वर्षीची ज्वारी. म्हणजे मागच्या वर्षी…

मी डबा तसाच पदराखाली धरून तुमच्या घरी गेले. तुमची रूथ अंगणात कपडे वाळत घालत होती. सून म्हणून तुम्ही तिला नावं ठेवायचात की काय ते मला माहीत नाही, पण पोर सरळ आहे. मी डबा दाखवला. तिनं आत डोकावलं आणि म्हणाली, "सापडला म्हणा की!"

"म्हंजे? तुला ठावं हुतं?"

"आईंनी मला त्याच दिशी सांगितलं. थैलीचं तोंड तुमच्या मेथीवाणी बांधलं हुतं. सुतळीला दोन पीळ अन टोक आत खुपसलेलं. बाकी समद्याजणी गाठ मारत्यात."

अक्का! वीस वर्षं तुम्ही माझ्या जुड्या सोडल्यात. तुमच्या बोटांना माझा पीळ माहीत. आणि माझ्या बोटांना नाही? मी स्वतः बांधलेली थैली मी स्वतः सोडली आणि मला कळलं नाही!

मी रूथला विचारलं, "मग अक्का बोलल्या का न्हाईत?"

ती म्हणाली, "म्हणायच्या, मी सांगितलं तर सरू माझ्या धाकानं जाईल. तिचं तिला सापडू दे."

हे ऐकून मला रडू आलं आणि राग पण आला. रडू कशाचं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही माझी अब्रू राखलीत. मी तोंड फिरवलं तरी राखलीत. नाताळाआधी तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा मी रोज मेथी पाठवली, पण उंबरा ओलांडला नाही. एकदा दारापर्यंत आले. तुमचा खोकला ऐकला. आत कुणीतरी म्हणालं, "कोण हाय गं?" आणि मी मागे फिरले. माती द्यायला मात्र सगळ्यांच्या पुढं उभी! ते मला आता सहन होत नाही.

पण राग कशाचा, तेही ऐका. मला सापडेपर्यंत सुंदरामावशीनं काय करायचं होतं? मला वेळ दिलात, तो कुणाच्या जिवावर? तिनं एक ईस्टर आणि एक नाताळ घरात बसून काढला. ज्या बाईचं मंडळीशिवाय या लोहारा गावात कुणी नाही, ती वर्षभर एकटी प्रार्थना करत होती. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर बाया तिच्या दारात गेल्या असत्या. मी चिडले असते, आदळआपट केली असती, महिनाभर मेथी दिली नसती. चिडू द्यायचं होतं! मला जपलंत आणि तिला सोडलंत. इथं तुम्ही चुकलात, अक्का. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. अबोल्याआधी वीस वर्षं मी तुम्हाला तोंडावरच बोलत होते, मग आता का नको?

मी दुसऱ्याच दिवशी सुंदरामावशीकडं गेले. त्या दारात तूर पाखडत बसल्या होत्या. मला बघून सूप थांबलं नाही.

"काय काम काढलंस?"

"मावशी, चुकलं माझं. ती कीड माझ्या डब्यातली हुती."

सूप थांबलं. "हे कुठं बोलायलीस?"

"तुमच्या दारात."

"अन तवा कुठं बोलली हुतीस?"

"अक्कांच्या वसरीत."

"किती बाया हुत्या?"

"समद्या."

"मग," म्हणाल्या, आणि परत पाखडायला लागल्या. मला तांब्याभर पाणी दिलं, पण पाठ फिरवूनच. मी पाणी प्यायले आणि आले. बरोबर होतं त्यांचं.

मी महिला मंडळात विषय काढला तर सुवार्ताबाई म्हणते, "झालं गेलं. लेंटात कशाला उकरून काढतीस? अन यंदा अक्का न्हाईत, तर ज्वारीचा पसारा नको. बेकरीतनं पाव आणू, सुटसुटीत." मी म्हटलं, "बाई, लेंटात नाही उकरायचं तर दिवाळीला उकरायचं का? आणि पाव तुझ्या घरी खा." ती दोन दिवस बोलली नाही. आता बोलते. यंदा मूठ निघालीय, अक्का. सगळ्या घरांतून निघालीय. रूथ ओसरी सारवून देते म्हणाली, आणि तुमची मोठी परात तिनं चिंच लावून घासून ठेवलीय.

तर माझं ठरलंय. पाळकसाहेबांना सांगितलं, "मी लिहिलंय, पण चर्चात वाचणार नाही."

"मग कुठं?"

"झावळ्यांच्या रविवारी आपण हातात शिंदीच्या फांद्या घेऊन गल्लीतनं फिरतो. सुंदरामावशीच्या दारावरनं जातो. तिथं थांबायचं. तिथं वाचणार."

ते डोकं खाजवायला लागले. "मिरवणूक मध्येच थांबवायची? उन्हात?"

"साहेब, त्या रविवारी आपला प्रभू गाढवावरनं चालला होता. त्याला घाई नव्हती. मला होती, म्हणून हे सगळं झालं."

शेवटी हो म्हणाले.

म्हणजे हे वाचत असेन तेव्हा मी त्या दारात उभी असेन, अक्का. सगळ्या बाया ऐकत असतील, बाप्येही. अक्षर अडलं तर अडलं. रूथला शेजारी उभी करणार आहे. घाम येईल, येऊ दे. मी पळून जाणार नाही. तुमच्या दारातून पळाले तेवढं पुरे.

आणि तुम्हाला शब्द देते. पुढच्या वर्षीपासून राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी सगळ्या बायांनी आपापले डबे चर्चच्या अंगणात आणायचे. हापशावर घासायचे, उन्हात उपडे घालायचे, आणि एकमेकींचे बघायचे. सगळ्यात पहिला माझा. मी जिवंत आहे तोवर एकदाही चुकवणार नाही. आणि कुणाच्या डब्यात काही सापडलं, तर तिला तिथंच सांगणार, हळू आवाजात, वर्षभर वाट न बघता. हळू आवाज मला जमत नाही. शिकीन.

आता तुम्ही जरा बाजूला सरा, अक्का. हे शेवटचं तुमच्यासाठी नाही.

सुंदरामावशी, ऐकताय ना? दार उघडा, नाहीतर आतूनच ऐका. ती ज्वारी तुमची नव्हती, माझी होती. कीड माझी. बोलले मी. सगळ्यांच्या देखत बोलले, म्हणून सगळ्यांच्या देखत म्हणते, मला माफ करा. त्या बुधवारी अक्कांच्या ओसरीत राहिलेली तुमची थैली मी धुऊन आणलीय, तुमच्या कडीला अडकवून जाते. एक मूठ ज्वारी घाला, पुरे. घालायची नसेल तर तसंही सांगा, तोंडावर सांगा. पण उत्तर द्या. बुधवारी दुपारी तीनला गिरणी लावायची आहे. तोवर मी अक्कांच्या ओसरीत चादर अंथरून बसते, आणि तुमचं हो की नाही आल्याशिवाय एक दाणासुद्धा गिरणीकडं हलू देणार नाही. बुधवार. दुपारी तीनच्या आत.

तुमची,
सरू