पुढची जोडी

धरणाची वसाहत, ता. ४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

परवा सकाळी देवाचं नाव घेऊन गाडी काढली, तर चढावर नव्या ड्रायव्हरची गाडी चिखलात रुतलेली. मागे आमच्या बाकीच्या गाड्यांची रांग. आमच्या या गाड्या चारही चाकांनी ओढतात, पण त्यासाठी आतला दांडा ओढायचा आणि खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरच्या कळाही हाताने फिरवायच्या. पठ्ठ्याने दांडा ओढला, कळा विसरला. मागची चाकं खड्डा खणत होती, पुढची नुसती बघत होती! मी चिखलात गुडघे टेकून कळा फिरवल्या आणि गाडी मांजरीसारखी वर चढली.

भिंत पुरी झाली. पुढच्या महिन्यात तिच्यावरून पहिली गाडी मोठ्या साहेबांची जाणार, आणि ती मी चालवणार. ती. बाबांना सा. न. सांग. त्यांची नजर कशी आहे?

तुझा दादा

घर, ता. ११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं, तर बाबा ठसका लागेपर्यंत हसले. त्यांच्या बैलगाडीला चढावर पुढे आणखी एक जोडी जुंपायचे ना! म्हणाले, या गाडीवानाने जोडी आणून उभी केली आणि जू चढवायचंच विसरला. मग गंभीर होऊन विचारलं, चढ संपल्यावर दादा पुढची जोडी सोडतो ना?

डॉक्टर म्हणतात, नजर फार तर दोन-तीन महिने. तू शेत सोडलंस तेव्हा तुला चाकं फिरवणारा म्हणून हिणवायचे. आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझी भिंत सांगतात, न बघताच. त्यांना ती दाखव. त्या वाटेने तुमच्या त्या गाड्यांशिवाय दुसरं काही चढत नाही, असं तूच लिहितोस. रोज देवासमोर हात जोडतोस, मग साहेबांसमोर तोंड उघडायला काय होतं?

वहिनीला नमस्कार. मी फटकळ बोलले, तरी माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

धरणाची वसाहत, ता. १४ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू बसमध्ये बसवून दिलेले बाबा सुखरूप आहेत. इथेच आणखी चार दिवस राहतो म्हणतात.

कामाच्या गाडीत घरचं माणूस बसवू नये, हे नव्या ड्रायव्हरांना मीच शिकवत आलो. कुणाकडे कधी काही मागितलं नाही, हाच माझा ताठा. साहेबांच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरलो होतो.

काल चढाच्या पायथ्याशी बाबा स्वतः खाली उतरले. एक कळ मी फिरवली, दुसरी त्यांनी, चाचपून. वर भिंतीवर एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल दरी. डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, भिंत सरळ आहे. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. लगेच बजावलं, आता सपाट लागलं, जोडी सोड. पलीकडे सगळे पहिल्या गाडीची वाट बघत उभे, आणि मी खाली उतरून कळा सोडतोय! साहेब मागच्या बाकावर बसून हसत होते.

हो, मागच्या बाकावर. परवा देवाला हात जोडले आणि तसाच त्यांच्या दारात गेलो. बाबांसाठी जागा मागितली. नुसती जागा नाही, पुढची मागितली.

तुझा दादा